नियमावलीच्या तीन प्रती आणि चौदावा नियम



आजचा विषय आहे कागदाच्या प्रतींचा. एकाच कागदाच्या दोन-तीन वेगवेगळ्या प्रती झाल्या, तर त्या एकमेकींशी ताडून कशा बघायच्या आणि त्यांची मिळून एक प्रत कशी करायची. हे ऐकून कुणी रेडिओ बंद करायला उठली असेल तर तिने जरा थांबावं. यात १३० रुपये आहेत आणि एक बाळंतीण आहे.

आम्ही येवल्यात बसून तालुक्यातल्या बचत गटांचे कागद टाइप करून देतो. अर्ज, ठराव, नियमावल्या. मागे एका ग्रामसंघाने नवी नियमावली करायला घेतली. नऊ गट, २२ नियम. आम्ही कच्चा मसुदा टाइप करून तिथल्या लेखापाल ताईंच्या व्हॉट्सॲपवर पाठवला. अध्यक्ष ताईंनाही तोच पाठवला. ज्या गटाला जी सुधारणा सुचेल ती करून परत पाठवायची, असं ठरलं होतं. महिनाभरात तीन प्रती परत आल्या. एक अध्यक्ष ताईंच्या मुलाच्या लॅपटॉपवरून, नाव 'नियमावली फायनल'. एक लेखापाल ताईंच्या मोबाइलवरून, नाव 'नियमावली फायनल २'. आणि तिसरा छापलेला कागद, त्यावर निळ्या पेनाच्या खुणा.

आम्ही काय केलं? सगळ्यात शेवटी आलेली फाइल उघडली. शेवटची म्हणजे ताजी, ताजी म्हणजे बरोबर, असं धरलं. कागदावरच्या निळ्या खुणा तिच्यात भरल्या, छापली आणि सह्यांना पाठवून दिली. कांदा काढणी सुरू होती, त्यांना घाई होती आणि आम्हालाही.

आमच्या मसुद्यात चौदावा नियम असा होता, की बाळंतपणासाठी माहेरी गेलेल्या सदस्येला तीन महिने गैरहजेरीचा दंड लागणार नाही. छापलेल्या प्रतीत हा नियम नव्हता. तो नको असं कुणी म्हटलं नव्हतं. मोबाइलवर बोटाने मजकूर निवडताना एक परिच्छेद जास्तीचा निवडला गेला आणि पुसला गेला, एवढंच. नियमांचे आकडे संगणक आपोआप टाकतो, त्यामुळे पंधराव्याचा चौदावा झाला आणि मधली फट बुजली. त्यात एका गटाने शेवटी एक नवा नियम घातला होता, म्हणून एकूण नियम बावीसचे बावीसच भरले. मोजून बघितलं असतं तरी कळलं नसतं.

काही महिन्यांनी एक जण माहेरून बाळ घेऊन परत आली. १३ आठवडे ती बैठकीला नव्हती. दर बैठकीला १० रुपये दंड. सचिव ताईंनी छापील नियमावली बघून १३० रुपये सांगितले. त्यांची काही चूक नाही, त्यांच्या हातात जे होतं तेच त्यांनी वाचलं. त्या पोरीने पैसे भरले. सासूबाई म्हणाल्या, बाळंतपणाचा दंड घेणाऱ्या गटात कशाला जायचं. तिने यायचं बंद केलं.

गटातल्या एका जुन्या मावशींना मात्र आठवत होतं, की आपण बाळंतिणीसाठी नियम केला होता. मग दाखवा, असं झालं. पाच गटांच्या पाच मोबाइलमध्ये फाइल उघडून बघितली. पाचही ठिकाणी नियम नाही. पाच जणींकडे नाही म्हणजे तो नव्हताच, मावशींनाच नीट आठवत नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. मावशी गप्प बसल्या.

पाच प्रती म्हणजे पाच साक्षीदार, हा हिशोब वरवर बरोबर वाटतो. तो चुकतो कुठे हे समजायला आपण जरा पैठणला जाऊ आणि तिथून पुण्याला.

पैठणचं नाव काढलं की येवल्यात सगळ्यांना आधी पैठणीच आठवते. आज मात्र पैठणच्या नाथांकडे काम आहे. ज्ञानेश्वरी सांगितली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. त्या वेळी छापखाना नव्हता. ज्याला पोथी हवी त्याने ती हाताने उतरवून घ्यायची, मग त्याच्या पोथीवरून दुसऱ्याने, त्याच्यावरून तिसऱ्याने. उतरवणारा कधी ओळ चुकवायचा, कधी न कळलेला जुना शब्द बदलून ओळखीचा घालायचा, कधी भक्तीच्या भरात स्वतःचीच ओवी घालायचा. जवळपास तीनशे वर्षं हे चाललं. मग शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून, ताडून, शुद्ध प्रत तयार केली. आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घुसडू नये, असा चांगला दमही भरून ठेवला. नाथ स्वतः मोठे कवी, त्यांना ओव्या सुचत नव्हत्या असं थोडंच आहे. पण हे काम दुसऱ्याचा शब्द सांभाळण्याचं होतं.

असंच काम पुण्यात फार मोठ्या प्रमाणावर झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायला घेतली. चिकित्सक आवृत्ती म्हणजे मिळतील तेवढ्या जुन्या प्रती एकमेकींशी ताडून तयार केलेली प्रत. १९२५ पासून डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर या कामाचे प्रमुख संपादक होते. ते १९४३ साली वारले, त्यांच्यानंतर इतरांनी काम पुढे नेलं आणि ते संपलं १९६६ साली. म्हणजे ४७ वर्षं. बाराशेंहून जास्त हस्तलिखितं त्यासाठी वापरली गेली, काश्मीरच्या शारदा लिपीतली, बंगालीतली, तेलुगूतली, मल्याळममधली. इरावतीबाई कर्व्यांनी 'युगान्त' लिहिलं ते याच आवृत्तीच्या आधाराने.

त्यांची पद्धत ऐका, आपल्या उपयोगाची आहे. एका श्लोकासाठी चौकटी आखलेला एक कागद घ्यायचा. पैठणीच्या नक्षीसाठी आपल्याकडे चौकटींचा कागद वापरतात, तसाच. वरच्या ओळीत श्लोकाचं एकेक अक्षर एकेका चौकटीत. त्याखाली प्रत्येक हस्तलिखिताची एक ओळ, आणि जिथे त्या हस्तलिखितात वेगळं अक्षर असेल तिथे त्या अक्षराखालच्या चौकटीत ते लिहायचं. असं सगळं समोर मांडून झालं, की मगच कोणता पाठ घ्यायचा यावर विचार. आधी मांडणी, नंतर निवड. आम्ही बरोबर याच्या उलट केलं होतं. आधीच एक प्रत निवडून मोकळे झालो होतो.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. सुकथनकर आणि त्यांचे सहकारी नुसत्या प्रती मोजत नसत. कोणती प्रत कोणत्या घराण्यातली, कुणावरून उतरवलेली, हे बघत. एकाच पोथीवरून पन्नास पोथ्या उतरवल्या असतील तर त्या पोथीतली चूक पन्नास ठिकाणी दिसणार, पण साक्ष एकाचीच. आपल्या गल्लीत नाही का, एक बातमी पाच जणींनी सांगितली की ती खरी वाटते, आणि मग कळतं की पाचही जणींना ती एकीनेच सांगितली होती. त्या पाच मोबाइलांचं हेच होतं. पाचही फाइली लेखापाल ताईंच्या मोबाइलवरून पुढे गेलेल्या, आणि तिथेच तो परिच्छेद पुसला गेला होता.

तिसरं. महाभारत लिहून घ्यायला गणपती बसले, ही गोष्ट आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ती सगळ्या हस्तलिखितांत सापडत नाही, म्हणून पुण्याच्या आवृत्तीत ती मुख्य मजकुरात नाही. पण ती टाकूनही दिलेली नाही. ती परिशिष्टात आहे. जे मुख्य मजकुरात घेतलं नाही ते तळटिपेत किंवा शेवटी परिशिष्टात ठेवायचं, हा तिथला शिरस्ता. पुढच्या वाचणाऱ्याला वाटलं की संपादकांचं चुकलं, तर त्याला सगळं बघायला मिळावं.

आता आपल्या संगणकाकडे येऊ. भांडारकर संस्थेत जी ताडून बघायची मेहनत माणसांनी अक्षर-अक्षर केली, ती दोन फाइलींच्या बाबतीत संगणक काही क्षणांत करतो. ही सोय बहुतेकांच्या संगणकात असते, फक्त तिथे कुणी जात नाही.

लिब्रेऑफिस रायटर हा फुकट मिळणारा प्रोग्राम असेल तर आधी नवी, म्हणजे सुधारणा करून आलेली फाइल उघडा. ती वेगळ्या नावाने सेव्ह करून घ्या, म्हणजे आलेली प्रत जशीच्या तशी राहील. मग वर 'एडिट' मध्ये जा, तिथे 'ट्रॅक चेंजेस', त्यात 'कंपेअर डॉक्युमेंट'. तो कोणत्या फाइलशी ताडायचं ते विचारेल, तिथे आपली मूळ फाइल द्या. जे नव्याने आलं ते रंगात अधोरेखित दिसेल आणि जे गेलं त्यावर रेघ मारलेली दिसेल. क्रम उलटा झाला, म्हणजे जुनी उघडून नवीशी ताडली, तर आलेलं ते गेलेलं दिसतं आणि गेलेलं ते आलेलं. आम्ही एकदा तसं करून अर्धा तास डोकं धरून बसलो होतो.

मायक्रोसॉफ्ट वर्ड असेल तर 'रिव्ह्यू' वर जाऊन 'कंपेअर' घ्या. तिथे 'ओरिजिनल' च्या जागी मूळ फाइल आणि 'रिव्हाइज्ड' च्या जागी बदललेली द्यायची. वर्ड फरक दाखवणारी तिसरीच फाइल उघडतो, आपल्या दोन्ही फाइली जागच्या जागी राहतात. त्याच ठिकाणी 'कंबाइन' नावाचा पर्याय आहे, तो दोन जणींच्या सुधारणा एका फाइलीत आणण्यासाठी. तीन प्रती असतील तर आधी दोघींच्या एकत्र करा, मग त्यात तिसरीच्या.

लिब्रेऑफिसमध्ये एकत्र करायला 'मर्ज डॉक्युमेंट' आहे, पण त्याची एक अट आहे. प्रत्येकीने सुधारणा करताना 'ट्रॅक चेंजेस' मधली 'रेकॉर्ड' ची खूण चालू ठेवलेली हवी. म्हणून फाइल वाटण्याआधीच आपण ती चालू करून पाठवावी. मग ज्या संगणकात नाव भरलेलं असेल तिथे कुणी काय बदललं हेही दिसतं. भांडण लावायला नाही, विचारायला. 'ताई, हे तुम्ही का काढलं?' असं विचारलं की पुष्कळदा उत्तर येतं, 'मी? मी नाही काढलं.' आणि तिथेच चूक सापडते.

मूळ फाइल हवीच, ती जपून ठेवा, असं आम्ही पुन्हा सांगतो. समजा दोनच प्रती समोर आहेत. एकीत चौदावा नियम आहे, दुसरीत नाही. मग पहिलीने तो घातला की दुसरीने तो काढला? दोन प्रतींवरून हे कधीच कळणार नाही. दोघी ज्या फाइलीपासून निघाल्या ती तिसरी समोर असेल तरच कळेल. आमच्या संगणकात पहिला मसुदा पडून होता. मावशींची बाजू तिथे खरी ठरली. ग्रामसंघाच्या इतिवृत्ताच्या वहीतही तो नियम हाताने लिहिलेला निघाला.

फरक दिसायला लागले की पहिल्यांदा घाबरायला होतं. पान नुसतं लालेलाल. त्यातले निम्मे फरक फरकच नसतात. एकीने '३' लिहिलेलं असतं, दुसरीने इंग्रजी आकडा टाकलेला असतो, अर्थ एक पण संगणकाला वेगळं. 'दुसऱ्या' हा शब्द तर हमखास. त्यातला अर्धा र दोन वेगवेगळ्या कीबोर्डांवर दोन वेगळ्या रीतींनी उमटतो, डोळ्यांना सारखाच दिसतो आणि संगणक मात्र तो बदललेला दाखवतो. अशा वेळी डोळे तपासायला जाऊ नका, पुढे चला. एखादा नियम वरून उचलून खाली नेला असेल तर बहुतेकदा तो वर पुसलेला आणि खाली नवा आलेला दिसतो. गेला म्हणून ओरडण्याआधी खाली बघा.

आणि एक प्रत युनिकोडमध्ये, दुसरी जुन्या टायपिंगच्या फाँटमध्ये असेल तर ताडून काही उपयोग नाही. जुन्या फाँटचा मजकूर संगणकाच्या लेखी मराठी नसतोच, ती इंग्रजी कळांची अक्षरं असतात आणि फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. आधी तो मजकूर युनिकोडमध्ये करून घ्यावा लागतो. तक्त्यांतल्या आकड्यांच्या बाबतीत आम्ही संगणकावर भरवसा ठेवत नाही. एक जण मोठ्याने वाचते, दुसरी बोट ठेवून बघते. कागदावरच्या पेनाच्या खुणांसाठीही हाच मार्ग. मोबाइलच्या लहान पडद्यावर हे सगळं करायला जाऊ नका, चूक झाली होती ती तिथेच.

मग एकेक फरक घ्यायचा आणि मान्य असेल तर 'ॲक्सेप्ट', नसेल तर 'रिजेक्ट'. 'ॲक्सेप्ट ऑल' नावाचं बटण आहे. ते दाबलं तर शेवटची प्रत निवडण्यात आणि यात काही फरक राहत नाही, सगळी मेहनत वाया. संगणकाला स्वल्पविरामही तेवढाच लाल आणि व्याजदरातलं शून्यही तेवढंच लाल. महत्त्वाचं काय, हे त्याला माहीत नाही.

ज्यांच्याकडे नेट बरं चालतं त्यांनी गूगल डॉक्समध्ये एकच प्रत ठेवून सगळ्यांनी तिच्यातच लिहावं. तिथे प्रती फुटत नाहीत, आणि जुनी रूपं 'व्हर्जन हिस्ट्री' मध्ये बघता येतात. पण नऊच्या नऊ गटांना ते जमेल अशी वाट बघत बसू नये. आमच्याकडे तरी आता रीत एवढीच आहे, की फाइलीच्या नावात तारीख आणि गटाचं नाव घालायचं. 'फायनल' हा शब्द आम्ही सोडून दिला आहे. सह्या झाल्याशिवाय काही फायनल नसतं.

त्या नियमावलीचं आम्ही पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं. तिन्ही प्रती मूळ मसुद्याशी ताडल्या आणि नवंच निघालं. लॅपटॉपवरून आलेल्या प्रतीत चौदावा नियम होता, पण 'तीन महिने' चं 'सहा महिने' केलेलं होतं. म्हणजे मसुद्यात तीन, एका प्रतीत सहा, एका प्रतीत नियमच नाही. मोबाइलवरच्या प्रतीतलं जाणं अपघाताने होतं हे आता माहीत होतं. पण तीन की सहा? तो बदल एका गटाने विचार करून केला होता आणि आम्ही ती प्रत उघडूनही बघितली नव्हती. इथे संगणक काही सांगू शकत नाही, आणि आम्हीही सांगायचं नाही. आम्ही फरकांची यादी छापून ग्रामसंघाच्या बैठकीत नेली. एकूण ११ खरे फरक होते. दहा फरक झटपट मिटले. चौदाव्यावर पाऊण तास गेला. एक जण म्हणाली, तीन महिन्यांत कुणी मोकळं होतं का. दुसरी म्हणाली, सहा महिने सूट दिली तर बैठका ओस पडतील. ज्यांची पोरं मोठी झालेली, त्या जास्त कडक होत्या, हे आम्ही कोपऱ्यात बसून बघत होतो.

शेवटी सहा महिन्यांवर हात वर झाले. ठराव इतिवृत्ताच्या वहीत लिहिला गेला. 'तीन महिने' हा आधीचा मजकूर आणि बाकीच्या न घेतलेल्या सूचना, कोणत्या गटाची कोणती ते लिहून, नियमावलीच्या शेवटच्या पानावर ठेवल्या. नव्या प्रतीच्या खाली तारीख आहे, आणि ती कोणत्या फाइलीवरून झाली तेही.

१३० रुपये सचिव ताई स्वतः घरी जाऊन देऊन आल्या. त्या पोरीने पैसे घेतले, चहा दिला. बैठकीला येणार का, यावर काही बोलली नाही. मावशी म्हणतात, पुढच्या गुरुवारी आपण तिच्या घरावरूनच जाऊ.